माशी शिंकू नये म्हणून... गर्रर्र!

रिकामा माणूस माश्या मारतो, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण माहीत आहे का, जगात अशीही मंडळी आहेत जी फावल्या वेळात माश्या बनवतात? तेही टेबल-लॅम्प लावून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, श्वास रोखून!

सामान काय लागतं? कोंबड्याचं पीस, सशाची लव, चमचमती तार, बारीक दोरा आणि एक इवलासा गळ. एवढ्यावर नकली माशी तयार. ती नदीच्या पाण्यावर अलगद उतरवायची. खालून ट्राउट महाशय येतात, 'वा, ब्रेकफास्ट!' म्हणतात आणि गळाला लागतात. हा खेळ म्हणजे फ्लाय फिशिंग. माशी बांधायची कला म्हणजे फ्लाय टायिंग. आणि आजचे आपले हीरो म्हणजे या टेबलावरचा तिसरा हात, श्रीयुत रोटरी व्हाइस!

फिटर लोखंड पकडायला वापरतो तोच व्हाइस, फक्त सोनाराच्या कामाला शोभेल अशा मापाचा. जबड्यात गळ पकडायचा की दोन्ही हात मोकळे. 'रोटरी' म्हणजे हा जबडा गळासकट गोल फिरतो. किंमत? काही हजारांपासून ते चांगल्या स्मार्टफोनला लाजवेल इथपर्यंत. मग एवढे पैसे मोजायचे तर माशी नेमकी कुठे शिंकते, ते आधीच बघायला नको?

एलियनने दिलेली बातमी

आधी छोटासा फ्लॅशबॅक. माहीत आहे का, नकली माशीची सर्वांत जुनी सविस्तर नोंद एका एलियनने करून ठेवली आहे? दचकू नका. परग्रहावरचा नव्हे, क्लॉडियस एलियन नावाचा रोमन लेखक. इ.स. २०० च्या आसपास त्याने लिहिलं, की मॅसेडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळतात आणि वर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधतात. सहा फुटांची काठी, सहा फुटांचा दोरा. संपलं किट.

१४९६ साली इंग्लंडमध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाने मासेमारी करण्यावर एक पुस्तिका छापली. त्यात बारा माश्यांची कृती आहे, कोणत्या महिन्यात कोणती वापरायची यासह. चक्क कॅलेंडर! लेखिका म्हणून डेम ज्युलियाना बर्नर्स या मठवासी बाईंचं नाव घेतलं जातं. त्या खरंच लेखिका होत्या की नाही, यावर इतिहासकार अजून एकमेकांना गळाला लावतायत.

आणि आयझॅक वॉल्टनचं १६५३ चं 'द कम्प्लीट अँगलर'? इंग्रजीत पुन्हापुन्हा छापल्या गेलेल्या पुस्तकांतलं एक नामांकित पुस्तक. पण गंमत बघा, माशी बांधण्याचा जो खरा प्रॅक्टिकल क्लास आहे तो वॉल्टनचा नाहीच. तो १६७६ च्या आवृत्तीत त्याचा दोस्त चार्ल्स कॉटन घेतो. व्हाइस कुठेय? डाव्या हाताची दोन बोटं, तोच व्हाइस.

नंबर वाढला, माल घटला

गळाचे नंबर उलटे चालतात. माहीत होतं? १० नंबरपेक्षा २० नंबरचा गळ छोटा. ३२ नंबरचा तर इतका छोटा, की टेबलावर पडला तर शोधाशोध करण्यापेक्षा दुसरा घेतलेला बरा. उलट दिशेला १ नंबरनंतर '१/०', '२/०', '३/०' अशी मोठ्या गळांची चढती भाजणी. म्हणजे नंबर आधी कमी होतो, मग शून्य मागे लावून पुन्हा वाढतो. हा हिशेब ज्याने ठरवला त्याला एकदा भेटायचंय.

व्हाइस बघायला गेलात की ही भानगड लगेच कामाला येते. डब्यावर छापलेली गळांची रेंज वाचा. २८ नंबर ते ४/० असं लिहिलं असेल तर छान. पण छापील रेंज म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची. स्वतः मोजून बघावी! दुकानात जाताना खिशात आपले तीन गळ ठेवा: एक अगदी बारीक, एक मधला, एक दांडगा. टोकांना बुचाचा तुकडा लावायला विसरू नका, नाहीतर पहिला मासा तुम्हीच.

रोटरी, पण नावापुरता

आता कान इकडे करा. बाजारात 'रोटरी' असं छापलेला प्रत्येक व्हाइस खरा रोटरी नसतो!

कारण भूमितीत आहे. जबडा गळाला धरतो तो त्याच्या वळणापाशी. पण माशी बांधायची असते गळाच्या सरळ दांडीवर, आणि ती दांडी वळणाच्या वरच्या अंगाला असते. आता जबडा जर फिरण्याच्या अक्षावरच बसवला असेल, तर दांडी अक्षाच्या वर राहते. हँडल फिरवलं की आकाशपाळण्यातल्या माणसासारखी वर, बाजूला, खाली, पुन्हा वर. बिचारी माशीच गरगरते!

खऱ्या रोटरीत जबडा मुद्दाम खाली उतरवलेला असतो. मधला दांडा वाकवून घेतलेला असतो किंवा जबड्याची उंची कमी-जास्त करायची सोय असते. दांडी बरोबर अक्षावर येते आणि जागच्या जागी फिरते. तसूभरही इकडेतिकडे नाही. आणि ही उंची बदलता यायलाच हवी, कारण प्रत्येक मापाच्या गळाचं वळण वेगळ्या खोलीचं. एकच स्थिर उंची असेल तर एखाद्याच मापाच्या गळाला ती लागू पडणार.

पहिल्या प्रकारचा व्हाइस अगदीच टाकाऊ का? अजिबात नाही. माशी उलटी करून पोट बघायला तो पुरतो. फक्त 'ट्रू रोटरी' या दोन शब्दांचे जादा पैसे त्याला देऊ नका.

सुईची परीक्षा

हे ओळखायचं कसं? ही ट्रिक फुकट घ्या. गळ जबड्यात लावा. एक सुई घ्या, तिचं टोक गळाच्या दांडीला जवळजवळ टेकेल असं स्थिर धरा. हात डगमगत असेल तर सुई बुचात खोचून उभी करा. आता हँडल हळूहळू फिरवा. सुई आणि दांडीमधली फट सगळ्या फेऱ्यात सारखी राहिली तर टाळ्या! फट कमी-जास्त होत असेल तर उंची जुळवून पुन्हा फिरवा. तरीही नाचत असेल तर व्हाइस परत शेल्फवर, आणि आपण बाहेर चहाला.

मग बारीक गळाने तेच. मग दांडग्याने. सेल्समनचा चेहरा बघू नका.

ट्राउटला दिसतं पोट

एक गोष्ट लक्षात घ्या. माशी बांधणारा तिच्याकडे वरून आणि बाजूने बघत असतो. मासा मात्र खालून बघतो! तुम्ही पाठीवर केलेली सगळी नक्षी पाण्यावर तरंगताना आभाळाकडे तोंड करून असते. खाली गिऱ्हाईक बघतंय ते पोट, पाय आणि दोऱ्याची शेवटची विसकटलेली गाठ.

म्हणून फिरता जबडा. अर्धा फेरा मारला की पोट वर. माशी सैल कुठे पडली, लव कुठे विरळ, एका बाजूचा पंख खाली झुकलाय का, सगळं उघडं. ही एकच सोय मला बाकीच्या चकचकाटापेक्षा मोलाची वाटते.

पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंगने १९६७ मध्ये वूली बगर नावाची माशी बांधली. झुबकेदार शेपूट, केसाळ अंग. जगातल्या सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या माश्यांत तिचं नाव येतं. हिच्या अंगावर एक पीस शेपटीपासून डोक्यापर्यंत वेटोळ्यांनी चढवायचं असतं. हाताने चढवताना पीस या हातातून त्या हातात द्यावं लागतं आणि वेटोळी कधी दाट, कधी पातळ होतात. रोटरीवर? पीस एका हातात ताठ धरा, दुसऱ्याने हँडल फिरवा. झर्रर्र, पाच-सहा फेरे, सगळे सारख्या अंतरावर. वूली बगर म्हणजे रोटरीची बोर्ड एक्झाम!

चपटी चंदेरी पट्टी गुंडाळायची असेल तर आणखी एक फायदा. हाताने गोल गोल फिरवलं की पट्टीला पीळ बसतो. गळ फिरला आणि पट्टी एका जागी राहिली, तर ती आरशासारखी सपाट बसते.

एक मिनिट, दोरा कुठे गेला?

नवशिक्याची पहिली फजिती इथेच होते. माशीला दोरा बांधलेला असतो, दोऱ्याला लटकत असते बॉबिन. हँडल फिरवलं की दोराही गुंडाळला जातो, मग बॉबिन वर चढते आणि माशीचा होतो गुंता.

उपाय म्हणजे बॉबिन टेकवायचा दांडा, इंग्रजीत बॉबिन क्रेडल. दोरा फिरण्याच्या अक्षाच्या सरळ रेषेत बाजूला टांगून ठेवायचा, मग हवं तेवढं फिरवा. हा दांडा काही ठिकाणी सोबत येतो, काही ठिकाणी वेगळा विकत घ्यावा लागतो. रोटरी व्हाइस विकायचा आणि क्रेडलचे पैसे वेगळे लावायचे, म्हणजे वडा देऊन पावाचं वेगळं बिल! बिलाआधी विचारा.

दोऱ्यावरून आठवलं. साडीच्या दुकानात ऐकलेला 'डेनियर' इथेही भेटतो. ७० डेनियरचा दोरा म्हणजे ९,००० मीटर दोऱ्याचं वजन ७० ग्रॅम. मुंबईहून ठाणे आता अंदाजे तीस-पस्तीस किलोमीटर धरा; करा गणित, पाव किलोच्या आसपास दोरा अख्ख्या रस्त्याला पुरेल.

पकड सोडली तर सगळं सोडलं

सांगू का? दुकानात सगळे जण आधी हँडल फिरवतात. गर्रर्र आवाज ऐकून खूश. माझं मत विचाराल तर फिरणं दुसऱ्या नंबरला. पहिला नंबर पकडीचा. जो जबडा गळ सोडतो तो कितीही सुंदर गिरक्या घेऊ दे, त्याला नृत्यशाळेत पाठवा.

परीक्षा सोपी. गळ लावा, पुढच्या टोकाला, म्हणजे जिथे दोरी ओवायचं भोक असतं तिथे, अंगठ्याने खाली दाबा. चांगल्या जबड्यात गळाची तार वाकते आणि सोडल्यावर टणकन सरळ होते. गळ जबड्यातच खाली घसरला तर नापास. मग जाड दोरा बांधून जोरात ओढून बघा.

जोर कशाला? हरणाचे केस बांधायचे असतील तर कळेल. १९३० च्या दशकात कॅनडातल्या निपिगॉन नदीवर डॉन गेपनने मडलर मिनो नावाची माशी केली. तिचं डोकं असतं हरणाच्या पोकळ केसांचं. दोरा करकचून आवळला की केस फुलून चारी बाजूंना उभे राहतात, मग कात्रीने हेअरकट. त्या करकचण्यात ढिला जबडा हमखास शरण येतो.

मात्र 'घट्ट' म्हणजे 'चिरडून' नव्हे. गळ कडक पोलादाचा, जबडाही कडक पोलादाचा. जास्त आवळलं तर दोघांपैकी एकाला इजा. गळाच्या टोकावरचा काटा जबड्यात चिणू नका, टोक बोथट होतं किंवा मोडतं. टोक बाहेर ठेवलं तर दोरा त्यावर घासून तुटतो. दोन्हीकडून संकट! सवयीने जमतं.

जबडे आवळायच्या तऱ्हाही किती. काहींत तरफ दाबायची, काहींत स्क्रू फिरवायचा. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समध्ये बनणाऱ्या रीगलमध्ये तर उलटा न्याय: स्प्रिंग कायम चावतच असते, तुम्ही तरफ दाबली की तोंड उघडतं, सोडली की कचकन गळ पकडते. गळ छोटा की मोठा, काही जुळवायचंच नाही. फ्लॉरिडाच्या रेन्झेटीचं नाव निघालं की लोक आधी अक्षावरच्या फिरण्याचं कौतुक करतात. आणि नॉर्म नॉरलँडरच्या नॉर-व्हाइसवर गळ लेथवरच्या कामासारखा भिंगतो. बोटाने एक झटका दिला की लव स्वतःहून दोऱ्यात पिळली जाते. बघताना मेंदूही थोडा भिंगतो.

आपलाही नंबर आहे बरं! अमेरिका-ब्रिटनमध्ये शिकाऊंसाठी जे स्वस्त किट मिळतात, त्यांतले कितीतरी व्हाइस वर्षानुवर्षं 'मेड इन इंडिया' आहेत. त्यांतल्या काहींच्या ढिल्या पकडीवर तिकडचे लोक विनोद करतात. तरी असंख्य गोऱ्या आजोबांनी आयुष्यातली पहिली माशी भारतीय जबड्यातच बांधली, हे नाकारता येईल का?

बाकीचं पटकन

हँडल सोडा. जबडा जिथे आहे तिथे थांबला पाहिजे. स्वतःच खाली लोंबला तर घर्षण वाढवायचा स्क्रू शोधा. स्क्रूच नाही? नमस्कार.

जबडा बोटांत धरून हलवा. खुळखुळ? तोही नमस्कार.

बैठक हवी की सी-क्लॅम्प? जड बैठक कोणत्याही टेबलावर बसते, पण बॅगेत घातली की विमानतळावर वजनकाटा रडतो. क्लॅम्प हलका, पण टेबलाची कड जाडजूड निघाली तर तो चावणारच नाही. आजीच्या सागवानी टेबलाची जाडी आधी मोजा, आजीची परवानगी नंतर घ्या.

डावखुरे? हँडल उलट बाजूला बसवता येतं का, हा पहिला प्रश्न विचारा. कपाळाला आठ्या पडल्या तर दुकान बदला.

जबड्यामागे बोटं शिरतील एवढी जागा आहे का? बारीक गळ लावून खरोखर एक वेढा मारून बघा. जाड जबडा मोठ्या माशीला चालतो, २४ नंबरच्या मच्छराला तो सगळा रस्ताच अडवतो.

आणि क्रोमची चमक? लॅम्पखाली ती डोळ्यांत जाते. मॅट फिनिश घ्या, डोळे दुवा देतील.

आता गालबोट

इतकं सगळं सांगून झाल्यावर एक बॉम्ब टाकतो. माहीत आहे का, या क्षेत्रातल्या काही महान हस्तींनी व्हाइस वापरलाच नाही?

कॅरी स्टीव्हन्स. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या टोप्या शिवणाऱ्या बाई. १ जुलै १९२४ रोजी स्वतः बांधलेल्या माशीवर यांनी ६ पौंड १३ औंसाचा, म्हणजे तीन किलोंच्या वरचा ब्रुक ट्राउट काढला. एका मासिकाच्या स्पर्धेत दुसरा नंबर आला आणि ऑर्डरींचा पूर! पुढे 'ग्रे घोस्ट' ही त्यांची माशी जगभर गेली. बांधायची पद्धत? नुसती बोटं.

ली वुल्फ हे दुसरे. खिशाखिशांचं फिशिंग जॅकेट लोकप्रिय करणारे हेच गृहस्थ. २८ नंबरच्या गळावर, जो तुम्हा-आम्हाला धड दिसतही नाही, ते व्हाइसशिवाय माशी बांधून दाखवायचे. आम्ही बापडे इथे सुईची परीक्षा घेत बसलोय.

आणि इंग्लंडचा फ्रँक सॉयर! एव्हन नदीची राखण करणाऱ्या या माणसाने फेझंट टेल निम्फ बांधताना दोराच हद्दपार केला. तांब्याची बारीक तार घेतली. तीच बांधते, तीच चमकते, तीच वजनाने खाली बुडवते. एका तारेत तीन नोकर.

मक्षिकास्थाने मक्षिका?

माशी हुबेहूब खऱ्यासारखी हवी की नुसता भास पुरे? यावरून इंग्लंडात अक्षरशः घमासान झालंय. फ्रेडरिक हाल्फर्डने १८८६ मध्ये तरंगत्या माश्यांवर पुस्तक लिहून 'मक्षिकास्थाने मक्षिका'चा झेंडा रोवला. जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने १९१० मध्ये पाण्याखालच्या माश्यांची बाजू घेतली. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वादसभा भरली! जग दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर उभं, आणि हे सज्जन बुडत्या माशीची नैतिकता तपासतायत.

याच स्क्यूजने एका माशीचं बारसंही केलं: टप्स इनडिस्पेन्सिबल. १९०० च्या सुमारास टिव्हर्टनच्या ऑस्टिन यांनी ती बांधली. तिच्या गुलाबी-पिवळ्या लवेचं गुपित अनेक वर्षं घरातच राहिलं. ते गुपित काय होतं, सांगू? मेंढ्याच्या... हम्म... अगदी खाजगी जागेवरची लोकर. जेवताना वाचत असाल तर क्षमस्व.

पुढचा पदार्थही त्याच गल्लीतला. सीडीसी नावाची जी तरंगणारी पिसं आहेत, ती बदकाच्या शेपटीच्या बुडाशी, तेलग्रंथीभोवती उगवतात. तेलकट, हलकी, पाण्याला दाद न देणारी. स्वित्झर्लंडच्या मार्क पेटिजाँ यांनी या पिसांवर आणि आपल्या व्हाइसवर दोन्हींवर नाव कमावलं. स्विस घड्याळ, स्विस चाकू, स्विस जबडा!

कोंबडा झाला फॅशन आयकॉन

२०११. एरोस्मिथचा गायक स्टीव्हन टायलर 'अमेरिकन आयडॉल'वर केसांत लांब पिसं माळून परीक्षकाच्या खुर्चीत बसला. झालं! अमेरिकाभर मुलींना तशीच पिसं हवीत. ती कुठली? माशी बांधायला खास पैदास केलेल्या कोंबड्यांची. सलूनवाले फिशिंगच्या दुकानांत रांगा लावू लागले, भाव अनेक पटींनी कडाडले, आणि बिचारे माशी बांधणारे छंदी लोक रिकाम्या खुंट्यांकडे बघत राहिले. इतिहासात पहिल्यांदाच ट्राउट आणि टीनएजर एकाच मालासाठी भांडले असतील.

आता खरा थ्रिलर. जून २००९. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमधला २० वर्षांचा अमेरिकन बासरीवादक रात्रीच्या अंधारात ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये खिडकी फोडून शिरला. बाहेर पडला तो २९९ पक्ष्यांच्या कातड्यांची सुटकेस घेऊन! त्यांत निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले नमुनेही होते. कशासाठी? व्हिक्टोरियन काळातल्या भपकेबाज सॅमन माश्या बांधणाऱ्यांना ती दुर्मीळ पिसं सोन्याच्या मोलाची. म्युझियमला चोरी कळायला आठवडे लागले. २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली, पण स्थगित. किर्क वॉलेस जॉन्सनने यावर २०१८ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

त्या भपकेबाज माश्यांत एक चेहरा मात्र आपल्या ओळखीचा. सह्याद्रीत पहाटे कर्कश बांग देणारा राखी रानकोंबडा! त्याच्या मानेच्या पिसांवर लाखेसारखे चकचकीत पिवळे-पांढरे ठिपके असतात. माशीच्या गालावर तो ठिपका बांधला की माशाला वाटतं, डोळा! जॉक स्कॉटसारख्या नामांकित सॅमन माश्या याच 'जंगल कॉक'शिवाय पूर्ण होत नाहीत. आपल्याकडे हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा जंगलात पीस दिसलं तर फोटो काढा, खिसा मिटलेला ठेवा. विलायतेत आता पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात.

मासाही आपला आहेच. १८३९ मध्ये कर्नल साइक्सने मुळा-मुठेच्या पाण्यातल्या ज्या माशाचं वर्णन केलं, तो दख्खनी महाशीर. शास्त्रीय नावातलं 'खुद्री' हे त्याचं इथलंच नाव. एच. एस. थॉमसने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहून महाशीरला साहेबांच्या यादीत वर चढवलं. लोणावळ्याच्या वळवण इथे टाटा पॉवर कित्येक दशकं या माशाची पिल्लं वाढवतंय. महाशीरची ताकद इतकी, की बारीक गळ तो सरळ करून टाकतो. म्हणजे त्याच्यासाठी माशी बांधणाऱ्याने व्हाइस बघायला जाताना खिशातला तो तिसरा, दांडगा गळ विसरायचा नाही.

दुकान बंद व्हायच्या आत

रोटरीचा एक चोरटा उपयोग. माशीच्या डोक्यावर इपॉक्सीचा थेंब लावला की तो ओघळतो. हँडल हळूहळू फिरवत राहा, थेंब गोल गरगरीत वाळतो. हात दुखतो म्हणून काही हुशार लोक यासाठी डिस्को बॉलची जुनी मोटर लावतात. माश्यांचा डान्स फ्लोअर!

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतः माश्या बांधायचे. शांततेचं नोबेल आणि ट्राउटचं युद्ध, दोन्ही एकाच हातात.

आणि स्कॉटलंडच्या मेगन बॉइड! ब्रोराजवळच्या एका छोट्या घरात, बराच काळ विजेशिवाय, ट्वीडचा कोट आणि पुरुषी टाय घालून या बाई सॅमनच्या माश्या बांधत बसायच्या. गिऱ्हाइकांत प्रिन्स चार्ल्स. १९७१ मध्ये ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झालं, तर यांनी राणीला कळवलं की येणं जमणार नाही, त्या दिवशी कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही. पदक पुढे प्रिन्स चार्ल्सने दिलं. बाईंनी आयुष्यभर बांधलेल्या माश्यांवर किती सॅमन गळाला लागले असतील, कल्पना करा. स्वतः मात्र त्यांनी कधी सॅमन धरला नाही; माशाला मारायचं म्हटलं की त्यांच्या पोटात कालवायचं!